बाहेरून आलेलं जेवण

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा त्यांना वाटलं असणार, स्वयंपाकाचा धंदा करणारी बाई आहे, चकली बिघडू नये म्हणून काय करावं ते लिहील. मी म्हटलं, "बाई, मी मयताच्या घरी जेवण पोचवते. दिवाळी अंकात चालेल का?" मग त्या म्हणाल्या, "काकू, तेच लिहा." लिहा म्हणणं सोपं आहे. मला एका जागी बसता येत नाही हे त्यांना कुठं माहीत? हा मजकूर लिहायला घेतल्यापासून मी कितीदा तरी उठले. एकदा दूध बघायला उठले आणि गॅसजवळ गेल्यावर आठवलं की दूध अजून पिशवीतच आहे. तेव्हा लिखाणात मध्येमध्ये उड्या दिसल्या तर समजून घ्या, बाई उठून ओट्याजवळ जाऊन आली आहे.

मी कामोठ्यात राहते. माहेर-सासर दोन्ही कराडकडचं. आमचे हे न्हावा शेवाजवळ एका कंटेनर यार्डात सुपरवायझर होते, म्हणून आम्ही इकडं आलो. सुरुवातीला मी त्यांच्याच यार्डातल्या माणसांना डबे द्यायची. चपाती, भाजी, वरण-भात. साधा धंदा. मग आमच्याच सोसायटीत तळमजल्यावरचे एक आजोबा गेले. शेजारधर्म म्हणून मी पातेलंभर पिठलं आणि भात नेऊन ठेवला. आपल्याकडं मयत झालेल्या घरात चूल पेटवत नाहीत, जेवण शेजारपाजारचे आणतात. पण आता शेजारी दोघंही नोकरीला. दारं बंद, माणसं ऑफिसात. त्यांनाही वाईट वाटतं, पण पिठलं कोण हाटणार? त्या आजोबांच्या घरी आलेल्या पाहुण्यांपैकी कुणीतरी माझा नंबर नेला. तिथून तो खांदेश्वरला गेला, खारघरला गेला, आणि मी जेवणाचे डबे देणाऱ्या काकूंची "दुःखाचं जेवण देणाऱ्या काकू" झाले. आधी मला ते नाव अजिबात आवडलं नव्हतं. नंतर दुसऱ्या कुणी ते काम घेतलं तर राग यायला लागला.

ह्या कामाची रीत सांगते. फोन करणारा माणूस कधीच सरळ बोलत नाही. "काकू, आमच्याकडं जरा..." एवढं म्हणतो आणि थांबतो. मी कोण गेलं, कसं गेलं, काही विचारत नाही. विचारते ते इतकंच: कितवा मजला, लिफ्ट चालू आहे का, घरात लहान मूल आहे का, गोळ्या घेणारं कुणी आहे का. किती माणसं जेवतील हेही विचारायचं नाही, कारण त्यांना ते सांगता येत नाही. पहिल्यांदा जाऊन दाराबाहेरच्या चपला बघायच्या आणि आपणच अंदाज बांधायचा.

पिठलं पातळ ठेवायचं, कारण ह्या घरात सगळे एका वेळी जेवत नाहीत आणि पिठलं गार झालं की दगड होतं. मिरची बेताची. ठसका लागता कामा नये. भात मऊ, न चावता गिळता येईल असा. पापड नाही. हे मला एका जावयानं शिकवलं. शांत घरात त्यानं पापडाचा तुकडा मोडला, कडकन आवाज झाला, सगळ्यांनी वर बघितलं आणि बिचाऱ्यानं तो तुकडा तसाच खिशात टाकला. तेव्हापासून पापड बंद. लोणचं नाही, गोड नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, डबे ठेवायचे, "ठेवलंय" म्हणायचं आणि निघायचं. "येते" म्हणायचं नाही. बसायचं तर अजिबात नाही. तुम्ही बसलात की त्या घरातली बाई चहा विचारते, मग तिला आठवतं की गॅस पेटवायचा नाही, मग ती रडते. तुमच्या बसण्यापायी हे सगळं. म्हणून मी इतकी वर्षं दारातून वळले. रिकामे डबेही मागायचे नाहीत. ते आपापल्या वेळेनं येतात.

विक्षिप्त गिऱ्हाइकंही भेटली. खारघरच्या एका टॉवरमधल्या साहेबांनी वडिलांच्या तेराव्याला मला विचारलं, "डॅडींना पाणीपुरी फार आवडायची, काउंटर लावता येईल?" मी म्हटलं, लावू. त्यांच्या गावाकडच्या आत्या भडकल्या. "माझ्या भावाचं तेरावं आहे का जत्रा?" म्हणून एका कोपऱ्यात पाठ करून बसल्या. थोड्या वेळानं बघते तर पांढऱ्या साडीतल्या त्याच आत्या रांगेत, हातात द्रोण. "तिखट कर रे जरा," असं भैयाला सांगत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते कशाचं होतं हे मी ठरवत बसले नाही.

सीवूड्सच्या एका बाईंनी मात्र पिठल्याचा डबा माझ्या हातात परत दिला. "खारट आहे. माणसं खाणार कशी?" मी खाली येऊन चाखलं. मीठ बरोबर होतं. वर जाऊन वाद घालावा असं फार वाटलं, माझी जीभ काही गप्प बसणाऱ्यांतली नाही. पण हे म्हणाले, "विमल, तिचा नवरा गेलाय. डॉक्टरशी भांडून झालं असेल, देवाशी झालं असेल. आता तुझी पाळी." मी दुसरा डबा नेऊन दिला, त्याच पातेल्यातला. तो चालला.

आता ह्यांच्याविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांचंच आहे. यार्डातून निवृत्त झाल्यावर डबे पोचवायचं काम ह्यांनी घेतलं. स्कूटरवर पुढं पाय ठेवायच्या जागी मोठा डबा, मागं मी, माझ्या मांडीवर भाताचं पातेलं. "आमचे कंटेनर फार तर दुबईला जायचे," हे म्हणायचे, "तुझा डबा पार वरपर्यंत." कुठल्याही घरी हे वर मात्र यायचे नाहीत. खाली स्कूटरपाशी उभे राहायचे. मी खाली आले की थेट घरी न्यायचे नाहीत. कुठल्या तरी गाडीवर थांबवून भजी खायला घालायचे. "रडक्या घरातनं आलीस, आधी काहीतरी कुरकुरीत खा," हा ह्यांचा नियम. खांदेश्वर स्टेशनबाहेरचा भजीवाला तर आम्ही दिसलो की विचारायचा, "आज कुठली बिल्डिंग?"

आणि पिठलं ह्यांच्या ताटात चालायचं नाही. "हे पांढरट, मेलेल्यांचं पिठलं मला वाढू नकोस," म्हणायचे. "माझ्यासाठी करशील तेव्हा आईसारखं कर. लसूण ठेचून, मिरची भरपूर. शेजाऱ्यांना ठसका लागला पाहिजे." मी म्हणायची, करते उद्या. पण दिवसभर पातेलीच्या पातेली बेसन हाटल्यावर घरासाठी पुन्हा बेसनाचा डबा उघडणं माझ्या जिवावर यायचं. उद्या उसळ व्हायची, परवा वांगं. हेही विसरायचे, मीही विसरायची. रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं, पुढं वेळ भरपूर होता.

आता जनाबाई. कामोठे गावातल्या, आगरी. पूर्वी शेती होती, आता त्या जागेवर इमारती आहेत आणि त्यांचं स्वतःचं तीन मजली घर. वर भाडेकरू, खाली ह्या. त्यांचा एकुलता एक मुलगा कामावरून येताना मोटारसायकलच्या अपघातात गेला. पुतण्याचा फोन आला आणि मी डबे घेऊन गेले. माझ्या रीतीप्रमाणे "ठेवलंय" म्हणून वळणार, तेवढ्यात त्या दिसल्या. बाकी सगळ्या बायका बसलेल्या, ह्या एकट्याच उभ्या. दारापासून ओट्यापर्यंत जायच्या, कोरडा ओटा फडक्यानं पुसायच्या, परत दाराशी यायच्या. सून म्हणाली, "आत्या कालपासून बसलेल्या नायत. घासपन घेतला नाय."

दुसऱ्या दिवशी गेले तरी तेच. जनाबाईंनी माझा हात धरला. हात कसला, पकडच होती ती.

"बाय, तुजे घरा चूल पेटते ना?"

"पेटते की."

"आमचे घरा नाय पेटवाची म्हनतान. मंग मी हातांचा काय करू?"

"जेवून घ्या," असं काहीतरी बोलले आणि निघाले. त्या दिवशी भजी खातानाही मला त्यांचे हात दिसत होते.

पुढच्या सकाळी माझ्या दाराशी रिक्षा थांबली. जनाबाई उतरल्या. पायांत चप्पल नाही, काखेत तांदळाच्या पिठाचा डबा. सुतकातली बाई दुसऱ्याच्या दारात आलेली मी तोपर्यंत बघितली नव्हती. त्या सरळ आत आल्या, ओट्यापाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तवा खय?"

माझी पंचाईत लक्षात घ्या. माझ्या मनात विटाळबिटाळ फार नाही. पण गिऱ्हाइकांच्या मनात असतो, आणि त्याच ओट्यावरून दुपारी मला एका घरी भाकऱ्या पाठवायच्या होत्या. सुतकातल्या हातच्या भाकऱ्या पाठवल्या हे कळलं असतं तर माझा धंदा बसला असता. आणि नाही म्हणावं, तर समोर ही बाई. मी ह्यांच्याकडं बघितलं. हे स्कूटर पुसून नुकतेच आत आले होते, हातात फडकं तसंच. म्हणाले, "तवा दे त्यांना."

दिला. आम्ही कराडकडच्या बायका ज्वारीची भाकरी परातीत थापतो. जनाबाईंची रीत वेगळी. त्यांनी पाणी उकळलं, पिठाची उकड काढली, सोसवत नव्हती तितकी गरम मळली, आणि पाण्याचा हात लावून दोन तळव्यांच्या मध्ये भाकरी फिरवायला लागल्या. टप टप टप टप. भाकरी खाली न टेकता हातावरच मोठी होत गेली. त्या घरातलं येरझाऱ्या घालणं थांबलं होतं. पाय एका जागी, हात चालू.

पहिली भाकरी तव्यावर टम्म फुगली. ह्यांनी ती उचलली, तिच्यावर लसणाची चटणी टाकली आणि ओट्याजवळ उभ्यानंच खायला लागले. ताट नाही, पाणी नाही. बोटं पोळत होती म्हणून भाकरी ह्या हातातून त्या हातात. मी म्हणणार होते, अहो, जरा लाज बाळगा. पण जनाबाईंचे हात थांबले होते.

"असाच," त्या म्हणाल्या. "माजा पोऱ्या असाच खायाचा. उबा रहून. बस सांगला तरी बसाचा नाय."

ह्यांच्या तोंडातला घास तोंडातच राहिला.

"खा रं," जनाबाई म्हणाल्या. "थांबतस कशाला? गार व्हतय."

मग हे खात राहिले आणि त्या थापत राहिल्या. एऱ्हवी दोन भाकऱ्यांत आडवा होणारा माणूस. त्या दिवशी त्यांनी किती खाल्ल्या ते मी बघितलंच नाही, दुसरीकडं तोंड करून मिरच्यांची देठं काढत राहिले. पिठाचा डबा रिकामा झाला तेव्हा तव्यावर शेवटची भाकरी होती. ती जनाबाईंनी दुमडली, चटणीही घेतली नाही, आणि खाल्ली. मुलगा गेल्यापासून त्यांच्या पोटात गेलेलं ते पहिलं अन्न. खाऊन झाल्यावर ओटा पुसून दिला आणि म्हणाल्या, "येतं." आमच्याकडं सुतकात असं म्हणत नाहीत. मी पण म्हटलं, "या."

दुपारच्या घरी पाठवायला एकही भाकरी उरली नाही, तेव्हा विटाळाचा प्रश्नच मिटला. मी घाईघाईनं भात टाकला. हे संध्याकाळी जेवले नाहीत, पोटावर हात ठेवून बसून राहिले. माझी अडचण ओळखून त्यांनी त्या सगळ्या खाऊन टाकल्या, का खरंच आवडल्या, हे मी त्यांना विचारलं. "भाकरी झकास होती," एवढंच म्हणाले.

तेव्हापासून माझ्या कामात एक फरक पडला. डब्यांबरोबर मी एक मेथीची जुडी किंवा वालाच्या शेंगा पाठवायला लागले. न निवडलेल्या. लोकांना आधी वाटायचं काकू चुकून भाजी विसरल्या. मी सांगायची, कुणाचे हात चुळबुळत असतील तर द्या निवडायला, निवडून झाली की मी घेऊन जाईन. चूल पेटवायची नसते, पण भाजी निवडायला कुठल्याच पोथीत बंदी नाही. कित्येक घरांत ती जुडी तशीच सुकून परत यायची. पण काही घरांतून पानन्‌पान निवडलेली यायची, देठाचा एक तुकडा नाही. ते कुणी केलं असेल ते मला बरोबर कळायचं.

गेल्या वर्षी हे गेले. सकाळी बूट घालायला खुर्चीवर बसले, एक नाडी बांधली आणि वाकलेले ते वाकलेलेच राहिले. डबे भरून तयार होते. मी आतून ओरडत होते, "अहो, झालं का? भात गार होतोय." त्या घरी त्या दिवशी जेवण कुणी पोचवलं ते मला आजही माहीत नाही.

कराडहून ह्यांची धाकटी बहीण आली, कुसुमवन्सं. करारी बाई. आल्याबरोबर त्यांनी गॅसचं बटण बंद केलं आणि लायटर स्वतःच्या पर्समध्ये ठेवला. "दहावं होईपर्यंत ह्या घरात चूल पेटायची नाही. माझ्या दादाचं सगळं रीतीनं झालं पाहिजे." मी काय बोलणार? तीच रीत सांगून मी इतकी वर्षं पोट भरलं होतं.

आणि मग जेवण यायला लागलं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाटणी झाली, आज ए विंग, उद्या बी विंग. माणसं फार चांगली. पण काय सांगू? भात कच्चा. पिठल्यात गुठळ्या. मोहरी तडतडलेलीच नाही, अख्खी दाताखाली येत होती. एकांनी बाहेरून पार्सल मागवलं, त्यात पनीर आणि एक गुलाबजाम. नवरा जाऊन दुसरा दिवस, आणि मी डोक्यात त्या मोहरीशी भांडत होते. लेक मनीषा घास करून तोंडाशी आणायची. तो तोंडात जायचा आणि तिथंच फिरत राहायचा, खाली उतरायचा नाही. जो येईल तो पिठलं आणायचा. काकूंकडूनच शिकलो म्हणायचे. तेच पांढरट, पातळ, बेताच्या मिरचीचं. ह्यांना नको असलेलं.

मला बसवेना. सगळे मला बसा म्हणत होते. मी चादरींच्या घड्या केल्या, मोडल्या, परत केल्या. फडताळ आवरलं. वन्संच्या पिशवीची सुद्धा घडी घातली. ओट्यापर्यंत जायची, ओटा पुसायची, दाराशी यायची. मयताच्या घरातून निघायची मला सवय. डबे ठेवले की वळायचं, खाली हे उभे असणार, मग भजी. आता मी त्याच घरात होते आणि वळून जायला जागा नव्हती. मेथीची जुडीही कुणी आणली नाही. कुणाला कसं सुचणार? ती रीत माझी होती.

त्यात माझा फोन वाजला. सवयीनं उचलला. पलीकडून आवाज आला, "काकू, आमच्याकडं जरा..." आणि मी म्हटलं, "कितवा मजला?" मनीषानं फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतःच रडायला लागली. मी रडले नव्हते. हे गेल्यापासून एकदाही नाही. वन्संना त्याची काळजी वाटत होती. "वहिनी, मोकळ्या व्हा," म्हणायच्या. पण मी मोकळी व्हायची ती हातांतून, आणि हात बांधलेले.

अशा वेळी जनाबाई आल्या. दार उघडंच होतं. आल्या, फोटोला हात जोडले, बसल्या नाहीत. माझं भरलेलं ताट बघितलं.

"जेवलीस?"

"नाही."

"चल मंग. माजे घरा चूल हाय."

वन्सं उठून उभ्या राहिल्या. "अहो बाई, कुठं नेताय? सुतक आहे त्यांना. दुसऱ्याच्या चुलीला हात लावायचा नसतो."

"माजे चुलीला काय नाय व्हत," जनाबाई म्हणाल्या. "माजा पोऱ्या गेला तवा हिनं मना हिची चूल दिलती. आन् तुजे भावानं माजी भाकर खाल्लीती. सुतकातली."

"दादानं?" वन्संनी माझ्याकडं बघितलं. "कधी बोलला नाही."

"खूप खाल्ल्या," मी म्हटलं. "उभ्यानं."

वन्सं जा म्हणाल्या नाहीत आणि नकोही म्हणाल्या नाहीत. पर्स छातीशी धरून बसून राहिल्या. मी पायांत चपला सरकवल्या.

जनाबाईंच्या ओट्यापाशी उभी राहिले. त्या म्हणाल्या, "काय करशील ते कर, मी काय विचारत नाय." मी बेसनाचा डबा मागितला. लसूण सोलला. चांगला मूठभर, ठेचला. मिरच्या घेताना हात सवयीनं दोनावर थांबला. मग होत्या तेवढ्या सगळ्या घेतल्या. तेल तापू दिलं, मोहरी पूर्ण तडतडू दिली, जिरं, हिंग, हळद, मग लसूण-मिरची तेलात टाकली आणि असा खकाणा उठला की जनाबाई पदर नाकाला लावून ओट्यापासून मागं पळाल्या.

"मारतस काय गो मना!" त्या खोकत खोकत ओरडल्या. वरचा भाडेकरू जिन्यात येऊन शिंकला. "काकी, काय जळतंय काय?"

शेजाऱ्यांना ठसका लागला होता. मी हसले. मग हसता हसता मला रडू फुटलं. मला ते थांबवता येईना आणि पिठलंही सोडता येईना, गुठळ्या झाल्या असत्या. एका हातानं पीठ सोडत होते, दुसऱ्या हातानं हाटत होते, आणि मोठ्यानं रडत होते. "उद्या करते म्हणाले होते," असं काहीतरी मी बोलत होते. जनाबाईंनी मला जवळ घेतलं नाही, गप्प हो म्हटलं नाही. त्यांनी बाजूच्या शेगडीवर तवा ठेवला आणि भाकऱ्या थापायला घेतल्या. टप टप टप टप.

मी तिथंच जेवायचं म्हटलं तर त्यांनी मान हलवली. "घरा ने. तुजे मानसांनी खावा." डब्यात पिठलं भरलं, फडक्यात भाकऱ्या बांधल्या आणि रिक्षात बसवून दिलं. मांडीवर गरम डबा घेऊन मी नेहमीसारखी बसले होते, फक्त पुढं हे नव्हते.

घरी आले. बी विंगचं जेवण झाकून ठेवलेलं, कुणी शिवलं नव्हतं. मी डबा खाली ठेवला, सवयीनं "ठेवलंय" म्हटलं आणि दाराकडं वळले. तेवढ्यात वन्संनी झाकण उघडलं. लसणाचा वास घरभर झाला. त्यांनी डब्यात बघितलं, मग माझ्या हातांकडं. हळद नखांत तशीच होती.

"कुणाकडनं आलंय?" त्यांनी विचारलं.

मी हात पदराखाली घेतले.

"वहिनी, मी विचारते," त्या म्हणाल्या, "हे बाहेरनं आलंय ना?"

"हो," मी म्हटलं. "बाहेरनंच आलंय."

"मग झालं तर. दादाला असलंच लागायचं." त्यांनी पर्स बाजूला ठेवली, ताटं ओढली आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "मी वाढते. तुम्ही उभ्या का? बसा."

मी बसले.